सज्ज्याची वाट

मंगळवार, १ नोव्हेंबर १९६०

तारखा छापलेली ही वही माझ्या मुलाने, त्रिविक्रमने, कारखान्यातून आणली होती. दहा महिने कोरी पडली. आज लिहायला घेतली, कारण पोटात राहिलेले कुठेतरी टाकायला हवे आणि बायको, कस्तुरा, गेल्यापासून घरात माझे ऐकून घेणारे कोणी नाही. माझे शिक्षण चौथीपर्यंत. अक्षर बरे नाही. कोणी वाचणारच नाही, तर बरे कशाला हवे.

परवा त्रिविक्रमचे साहेब जेवायला आले होते. सहस्रबुद्धे, पुण्याचे. बरोबर त्यांच्या पत्नी प्रेमाबाई. आमची बेंगळूरच्या चिकपेटातली गल्ली, जिन्यावर वाळत घातलेली रंगवलेली लुगडी, हे सगळे पाहून दोघे अंग चोरून बसले. साहेबांना डोंगर चढायचे वेड. म्हणाले, "मेकेदाटू बघून आलो, पण खालून. ती दरी खरी वरून बघायला पाहिजे. तर वर जायची वाट कुणाला माहीत नाही."

"आमच्या अप्पांना माहीत आहे की," त्रिविक्रम म्हणाला. "सज्ज्यावरून बघितलंय त्यांनी."

मेकेदाटूला कावेरी दोन कड्यांच्या मधून इतकी अरुंद होऊन जाते, की शेळीने उडी मारून पलीकडे जावे. वर एका बाजूला कड्यातून पुढे आलेला खडक आहे. त्याला माझे वडील सज्जा म्हणत. तिथून सगळी दरी पायाखाली दिसते. त्रिविक्रम ही गोष्ट लहानपणापासून माझ्या तोंडून ऐकत आला. शाळेत त्याने यावर निबंध लिहिला होता आणि मास्तरांनी तो वर्गात वाचून दाखवला होता.

साहेब पाटावरून उठून माझ्या शेजारी येऊन बसले. "आजोबा, वाट आठवते?"

"आठवायला काय झालं. नेतो की."

त्रिविक्रम माझ्याकडे असा पाहत होता, की बऱ्याच वर्षांत त्याने तसे पाहिले नव्हते.

आता खरे लिहितो. मी सज्जा पाहिलेला नाही.

सन १९०८ साली वडील कपिला आणायला त्या जंगलात गेले. कपिला म्हणजे एका झाडाच्या फळांवरची लाल पूड. रेशीम रंगवायला आम्ही रंगारी ती वापरत होतो. जर्मन रंगाच्या पुड्या आल्या होत्या, पण वडिलांचा त्यांच्यावर भरवसा नव्हता. मी सतरा वर्षांचा आणि धाकटा गुंडो चौदा. तिघे बैलगाडीने, कावेरीला दुसरी नदी मिळते त्या संगमापर्यंत गेलो. पुढे वडील आणि गुंडो गेले. मी बैलांपाशी राहिलो. का राहिलो ते लिहायला हात उचलत नाही.

परत आल्यावर गुंडोने ती वाट इतक्यांदा सांगितली, की मला ती पाठ झाली. हंड्यातले कापड काठीने खालीवर करताना तो सांगायचा आणि मी ऐकायचो. पुढे लग्न झाले. कस्तुरा होस्पेटची, हंपी पाहिलेली. तिने विचारले, "बेंगळूर सोडून काही बघितलंय का तुम्ही?" तेव्हा मी सज्जा सांगितला. पहिल्यांदा जीभ अडखळली. नंतर कधीच नाही.

गुरुवार, ३ नोव्हेंबर

साहेबांनी जंगलाचा सरकारी नकाशा मिळवला. त्रिविक्रमने तो जमिनीवर पसरला. नुसत्या वाकड्या रेघा, बोटाच्या ठशासारख्या. "अप्पा, सज्जा यात कुठं येईल?" मी चष्मा पुसला. मग म्हटले, गोऱ्या साहेबाने काढलेल्या नकाशात आपल्या जागा कशा असतील. त्याला ते पटले. त्याला माझे सगळे पटते, याचीच आता भीती वाटते.

साहेबांनी विचारून पाठवले आहे की संगमापासून किती मैल. मी सांगितले, मैल कुणी मोजले, वडील विड्यांत मोजायचे. एक विडा तोंडात संपेपर्यंत चालायचे, ती एका विड्याची वाट. साहेबांना हे फार आवडले म्हणे. कारखान्यात सगळ्यांना सांगितले. येणारे चार होते, ते आठ झाले.

रविवार, ६ नोव्हेंबर

सवय व्हावी म्हणून नयनाला घेऊन लालबागेतल्या खडकावर चढलो. नात अकरा वर्षांची, दोनदा वर जाऊन खाली आली तरी मी अर्ध्यात. गुडघा कुरकुरतो. वर पोचलो तेव्हा डोळ्यांपुढे काळे ठिपके. नयना म्हणाली, "अज्जा, सज्जा याच्यापेक्षा उंच आहे?" म्हटले, वीसपट.

घरी आल्यावर सुनेने, अहल्येने, तेल कोमट करून दिले. मग हळूच म्हणाली, "मामंजी, गुडघ्याचं सांगून टाका की त्यांना. वाट कागदावर लिहून द्या आणि तुम्ही घरी बसा. कुणी काही म्हणणार नाही."

मी विचारले, तुला काय त्रास आहे मी गेलो तर.

ती म्हणाली, "त्रास नाही. सासूबाई म्हणायच्या, मामंजींना त्या गोष्टीत रमू द्यावं, जवळ जाऊन विचारू नये."

कस्तुरा असे का म्हणाली असेल कळत नाही. सुनेला मी लोकांत मिरवलेला नको आहे, एवढे मात्र कळले. सासऱ्याचे नाव झाले की सुनांना खुपते.

गुरुवार, १० नोव्हेंबर

तारीख ठरली. २७, रविवार. मी पंचांग काढून खोट शोधली. सापडली नाही. पाऊस पडावा असे देवाजवळ मागितले. आकाश कोरडे.

सोमवार, १४ नोव्हेंबर

कार्तिकातला शेवटचा सोमवार, बसवनगुडीत शेंगांची जत्रा. नयनाला शेंगा आणायच्या असे सांगून निघालो. खरे कारण गुंडो. त्याचे घर मोठ्या बसवण्णाच्या, म्हणजे नंदीच्या, देवळामागे आहे. बावीस वर्षांत त्या बाजूला फिरकलो नव्हतो.

तेही लिहून टाकतो. गुंडोच्या मुलीच्या लग्नात मी पंगतीत सज्ज्याची गोष्ट सांगत होतो. गुंडो वाढत होता. हातात भाताचे ताट. सगळ्यांदेखत म्हणाला, "अण्णा, तू तर बैलांपाशी होतास." पंगत हसली. कस्तुरा समोरच्या रांगेत होती, ती खाली मान घालून जेवत राहिली. मी हात धुतला आणि निघालो. महिन्याभरात आम्हा दोघांच्या दुकानात मधे फळ्या घातल्या. वर्षाने तो चिकपेट सोडूनच गेला.

आज तो पायरीवर बसून शेंगा सोलत होता. म्हातारा झाला आहे, पण पाठ ताठ. मला पाहून म्हणाला, "ये अण्णा, बस." जणू मी कालच येऊन गेलो होतो.

शेंगा पुढे सरकवल्या. बराच वेळ आम्ही नुसती टरफले काढली.

"मेकेदाटूला नेतोयस म्हणे लोकांना," तो म्हणाला.

"तुला कोणी सांगितलं?"

"त्रिविक्रम येतो की अधूनमधून."

हे मला ठाऊक नव्हते. माझा मुलगा माझ्या पाठीमागे याच्याकडे येतो.

गुंडो म्हणाला, "पण अण्णा, आता या दिवसांत कशाला? फाल्गुनात जा की."

का, असे विचारायचे ओठांवर आले होते. विचारले असते तर मला माहीत नाही हे उघड झाले असते. आणि मला त्याचा डाव कळला. चार महिने ढकलायचे, तोवर साहेबांचा उत्साह विझतो, माझी फजिती होते. म्हणालो, "थंडीत चालायला बरं."

"सरी, बरं तर," तो म्हणाला. मग एक शेंग फोडत, "मी येऊ का बरोबर?"

"गाडीत जागा नाही," म्हटले आणि उठलो.

त्याने शेंगांची पुडी हातात दिली. नयनासाठी म्हणाला.

मंगळवार, २२ नोव्हेंबर

गुडघा सुजून घागरीएवढा झाला. खोटे नाही, खरेच सुजला. डॉक्टर म्हणाले, महिनाभर जिनासुद्धा उतरायचा नाही. अहल्या तोंडभर हसली, "बरं झालं मामंजी." माणसाचे दुखणे पाहून बरे झाले म्हणणारी सून मी पहिल्यांदा पाहिली.

मात्र मलाही हलके वाटले, हे इथे कबूल करतो. चालायला लागत नाही आणि मान जात नाही. वाट तर माझ्याजवळ अक्षर न् अक्षर आहे.

शुक्रवार, २५ नोव्हेंबर

त्रिविक्रम उशाशी वही घेऊन बसला. मी सांगितले, त्याने लिहिले:

संगमावर पाणी ओलांडावे. पलीकडच्या ओढ्याच्या पात्रातून वर जावे. तोंड उघडल्यासारखा पोकळ खडक लागतो. तिथून सरळ दोन विड्यांची वाट. मग लाल झाडे लागतात. लाल झाडे लागली की डावीकडे वळावे आणि ती संपेपर्यंत चालावे. संपली की सज्जा.

"लाल म्हणजे काय लाल, अप्पा? पानं की फुलं?"

गुंडो नुसते लाल म्हणायचा. कपिलेची पूड मी गोण्या गोण्या उपसली आहे, नखांतून महिना महिना निघत नसे. झाड मात्र कधी पाहिले नाही. पण पूड इतकी लाल, तर झाड दुसऱ्या कुठल्या रंगाचे असणार.

"झाडंच लाल. शेंदूर फासल्यासारखी. लांबून दिसतात, चुकणार नाहीत."

त्याने "लांबून दिसतात" याखाली रेघ ओढली.

रविवार, २७ नोव्हेंबर

पहाटे चारला कारखान्यातल्या कोणाची तरी व्हॅन आली. अहल्येने चपात्या, शेंगांची चटणी, दहीभात असे आठ जणांचे बांधून दिले. प्रेमाबाई सँडविच घेऊन आल्या होत्या. त्रिविक्रम पाया पडून गेला.

दिवसभर मी मनाने त्यांच्याबरोबर चाललो. आठला संगम. साडेनऊला पोकळ खडक. अकराला लाल झाडे. बाराला सज्ज्यावर बसून दहीभात. दुपारी नयनाला म्हटले, आता तुझे अप्पा दरी बघत असतील. तिने विचारले, काय दिसतं तिथून? मी सांगू लागलो. पाणी वरून दोरीसारखे दिसते, आवाज मात्र पायांत येतो, घारी आपल्या खाली उडतात. सांगताना मला दिसत होते, देवाशपथ.

आठ वाजले. आलेले नाहीत.

सोमवार, २८ नोव्हेंबर

सकाळी दहाला आले. त्रिविक्रमची पाटलोण गुडघ्यावर फाटलेली. आंघोळ न करता माझ्या खाटेपाशी येऊन बसला. अहल्या दाराशी उभी.

"अप्पा, तुम्ही गेला होता तेव्हा महिना कुठला होता?"

महिना मला धड आठवत नव्हता, पण वाट बरोबर होती हे दाखवायला हवे, म्हणून मी जोर देऊन म्हणालो, "हाच. कार्तिक संपून मार्गशीर्ष लागलेला. थंडी होती, घोंगड्या नेल्या होत्या. का?"

त्याने डोळे मिटले. अहल्या आत निघून गेली.

मग त्याने सांगितले, आवाज न चढवता. पोकळ खडकापर्यंत सगळे जुळले. साहेब म्हणाले, मानलं तुमच्या वडिलांना. पुढे लाल झाडे काही येईनात. दोन विडे झाले, चार झाले. साहेब म्हणाले परत फिरू. त्रिविक्रम म्हणाला, अप्पांनी सांगितलंय, लांबून दिसतात, अजून पुढे असतील. तीन तास नेले त्याने सगळ्यांना. उतरताना प्रेमाबाईंचा पाय मुरगळला. शेवटी पोकळ खडकाच्या थोडे वर एका झाडाखाली सगळे बसले. एक धनगर आला. त्रिविक्रमने कन्नडात विचारले, इथे लाल झाडे कुठे आहेत, कपिलेची. धनगर हसू लागला.

"म्हणाला, तुम्ही टेकलाय ते तेच. शिवरात्रीनंतर फळं धरतात, मग लाल होतं. आता कसं लाल असेल?" त्रिविक्रम गुडघ्यावरची धूळ झटकत होता. "झाडाला टेकूनच बसलो होतो, अप्पा."

तोवर ऊन कलले होते. पुढे जाता येईना. संगमावर उतरेपर्यंत अंधार पडला, रस्त्यावर हत्ती म्हणून ड्रायव्हर गाडी काढेना. आठही जण व्हॅनमध्ये बसून राहिले.

"साहेब काय म्हणाले?" मी विचारले.

"म्हणाले, तुमचे वडील इथे नक्की आले होते ना हो?"

"तू काय सांगितलंस?"

"हो म्हटलं."

गुंडोने फाल्गुन म्हटले होते. त्याच वेळी नीट समजावून सांगायला काय झाले होते त्याला? नाही सांगितले. त्याला हेच हवे होते.

गुरुवार, १ डिसेंबर

कारखान्यात एक नवीन बोलणे निघाले आहे. कोणी काम आज होईल म्हणून उद्यावर ढकलले, की म्हणतात, "दोन विड्यांचं काम आहे वाटतं." अहल्येला शेजारणीकडून कळले, तिच्याकडून मला. त्रिविक्रम घरी बोलत नाही. जेवतो, वर्तमानपत्र उघडतो. मला विचारायच्या त्याच्या गोष्टी असत, अमुक रंग टिकेल का, तमुक देऊळ कुणी बांधलं. त्या बंद झाल्या.

रविवार, ४ डिसेंबर

आज गुंडो आला. जिना चढून आला, धाप नाही. त्रिविक्रमने बोलावले की अहल्येने, मी विचारले नाही. सगळे जेवायला बसलो. मला खाटेवरच ताट.

गुंडो भात कालवत म्हणाला, "त्रिविक्रम, तुझ्या अप्पाचं वय झालं आता. महिना विसरला. आम्ही शिवरात्रीनंतर गेलो होतो. अण्णा पुढे, मी मागे. मला तर लाल झाडं आधी दिसलीच नाहीत, यानं दाखवली."

त्रिविक्रमने मान वर केली. पूर्वीसारखी नजर त्याच्या डोळ्यांत येऊ लागली होती. मी ते पाहिले. मी फक्त गप्प बसायचे होते.

पण ज्याने बावीस वर्षांपूर्वी भर पंगतीत माझ्याकडून सज्जा काढून घेतला, तोच आज माझ्या घरात बसून, माझ्या मुलासमोर, मला तो भीक म्हणून घालत होता. उद्यापासून मरेपर्यंत मला त्याचे उपकार वागवावे लागले असते. अंगाचा नुसता भडका झाला.

"हा खोटं बोलतोय," मी म्हणालो. "मी गेलोच नव्हतो. संगमावर पाणी छातीपर्यंत होतं, दोर धरून जायचं होतं. मी घाबरलो. पाण्यात दोन पावलं टाकली आणि मागे फिरलो. वडील म्हणाले, राहू दे त्याला बैलांपाशी."

नयनाने विचारले, "मग घारी?" अहल्येने तिचा हात धरून तिला आत नेले.

गुंडो म्हणाला, "अण्णा, गरज नव्हती."

त्रिविक्रम ताटातला भात तसाच ठेवून उठला. हात धुताना इतका वेळ लावला की मोरीतले पाणी संपले असेल. मग बाहेर आला आणि गुंडोला म्हणाला, "काका, चला, तुम्हाला बसपर्यंत पोचवतो."

मला वाटले होते, खरे बोलल्यावर माणसाला हलके वाटते. पुस्तकात तसे असते.

शनिवार, ४ मार्च १९६१

वहीची शेवटची पाने संपली, म्हणून जानेवारीच्या कोऱ्या पानांवर लिहितो.

गुडघा बरा आहे. त्रिविक्रम बोलतो. डॉक्टरांकडे नेतो, औषध आणतो, शाल नीट घेतली का विचारतो. लहान मुलाशी बोलावे तसा हळू आणि स्पष्ट बोलतो. परक्या झालेल्या माणसाला इतका जीव लावता येत असेल असे वाटत नव्हते.

आज म्हणाला, "उद्या काका आम्हाला सज्ज्यावर नेणार आहेत. मी, अहल्या, नयना. तुम्हीही चला अप्पा. संगमापर्यंत गाडी जाते. तिथे सावली आहे, निवांत बसा. संध्याकाळी आपण परत येऊ."

त्याच्या तोंडाकडे नीट पाहिले. टोमणा नव्हता. त्याने विचारच केला नव्हता. हे टोमण्यापेक्षा वाईट.

येतो म्हणालो.

रविवार, ५ मार्च

त्रेपन्न वर्षांनी संगमावर आलो. गाडीच्या पायरीवर बसून, वही गुडघ्यावर ठेवून लिहितो आहे. ते पलीकडे गेले त्याला तास झाला.

जागा ओळखू आली नाही. मला दोन्ही बाजूंनी धावत येणारे पाणी आठवत होते. इथे वाळू, गोटे आणि मधून घोट्याएवढे पाणी. बायका घागरी डोक्यावर घेऊन ये-जा करत होत्या. नयना तर मधेच उभी राहून पायाने पाणी उडवत होती.

मी ड्रायव्हरला म्हटले, वर टिप्पगोंडनहळ्ळीला धरण बांधून सगळे पाणी बेंगळूरला नेले, म्हणून नदीची ही दशा. पूर्वी माणूस बुडायचा इथे. तो म्हणाला, असेल.

त्रिविक्रम आणि अहल्या पुढे गेले. गुंडो मागे रेंगाळला होता. मी त्याला हाक मारली. विचारले, "गुंडो, तेव्हा पाणी किती होतं रे इथं? तेव्हाही फाल्गुनच होता ना?"

त्याने पाण्याकडे पाहिले, मग माझ्याकडे.

"होतं अण्णा," तो म्हणाला. "बरंच होतं."

मग त्याने चपला काढून हातात घेतल्या आणि नयनाचा हात धरून चालत पलीकडे गेला. त्याचे धोतर भिजले नाही.